जुन्या थारचे नवे डोळे

2020पूर्वीच्या थारचे गोल, सात इंची दिवे रात्री आंबोली घाटात मिणमिणते वाटतात. मग मालक गॅरेज गाठतो, हॅलोजन बल्ब काढून एलईडी बल्ब खोचतो. गफलत इथेच होते.

जुन्या दिव्यातला परावर्तक एच-फोर बल्बच्या बारीक तारेची जागा हेरून घडवलेला असतो. एलईडीची चिप नेमकी तिथे आली नाही, की प्रकाश फाकतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता मात्र अंधारातच!

त्यापेक्षा अख्खा दिवाच बदललेला बरा. पण तो डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेला हवा. अमेरिकी जीपसाठीचा दिवा बसतो चपखल, झोत मात्र समोरून येणाऱ्यांकडे झुकतो. बसवल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून झोताची उंची जरूर जुळवून घ्या.