तीन डोळ्यांची काठी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक, विज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही आज एका उपकरणाविषयी चार शब्द बोलणार आहे. आपली मुले हल्ली तारा नि सेन्सर घेऊन बसतात आणि पुष्कळ पालकांना तो पैशाचा अपव्यय वाटतो, म्हणून हे बोलणे अगत्याचे झाले.

विहिरीत हाक मारली की ती परत येते. पाणी जितके खोल, तितकी उशिरा. हा उशीर मोजला की खोली कळते. एचसी-एसआर०४ नावाचा सेन्सर हेच करतो. त्याची हाक सेकंदाला ४०,००० कंपनांची. माणसाचा कान २०,००० च्या पुढे ऐकत नाही. दोन सेंटिमीटरपासून सुमारे चार मीटरपर्यंत तो अंतर मोजतो. हाक केव्हा मारायची आणि उशीर किती झाला, हा हिशेब आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड ठेवतो. इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली तो मुख्यतः विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला.

मुले विचारतात, एक सेन्सर जोडता येतो तर तीन का नकोत? प्रश्न पोरखेळाचा नाही. अंध माणसाची पांढरी काठी जमीन चाचपते. पण आपल्या मुकुटबनच्या रस्त्याला ट्रक उभा असला आणि त्याचा फाळका उघडा असला, तर काठी खालून निघून जाते नि फाळका छातीवर आदळतो. तेव्हा समोर एक, डावीकडे एक, उजवीकडे एक, असे तीन डोळे काठीला द्यावेत, ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे.

जोडणी अवघड नाही. प्रत्येक सेन्सरला चार पाय असतात. विजेचे दोन पाय, व्हीसीसी आणि ग्राउंड, तिघांचे एकत्र: पाच व्होल्टला आणि ग्राउंडला. ट्रिग म्हणजे हाक मारण्याचा पाय आणि इको म्हणजे उत्तराचा. हे मात्र ज्याचे त्याला स्वतंत्र. आर्डुइनो उनोवर ० ते १३ अशा चौदा पिना आहेत. ० आणि १ संगणकाशी बोलण्यासाठी राखल्या तरी बारा उरतात, म्हणजे सहा सेन्सरांची सोय झाली. सेन्सरांना वेगळी बॅटरी दिली असेल, तर तिचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडशी जोडलेच पाहिजे. ते राहिले तर तारा तपासण्यात अख्खी दुपार जाते.

खरी अडचण पुढे आहे. तिघांनी एकदम हाका मारल्या, तर डावीकडच्याची हाक उजवीकडचा ऐकतो आणि आपलीच समजतो. अंतर खोटे निघते. प्रयोगाच्या टेबलावर तो चुकलेला आकडा. रस्त्यावर तो अंध माणसाचा कपाळमोक्ष. म्हणून पाळी लावावी लागते: एकाने हाक मारावी, उत्तर ऐकावे, आवाज विरू द्यावा, मग दुसऱ्याने. दोन हाकांत ६० मिलिसेकंद ठेवावेत, अशी या सेन्सरच्या माहितीपत्रकातील सूचना आहे. तिघांची फेरी १८० मिलिसेकंदांची झाली. सेकंदाला एक मीटर चालणारा माणूस तेवढ्यात १८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो! सहा डोळे लावा, म्हणजे ३६ सेंटिमीटर. डोळे वाढले, पण बातमी शिळी झाली.

आणखी एक. उत्तराचा वेळ मोजणारी आज्ञा 'पल्सइन' हिला मुदत घातली नाही आणि इकोची तार सुटलेली असली, तर ती पूर्ण एक सेकंद वाट पाहत थांबते. माणूस थांबत नाही. दोन मीटरपर्यंतचेच अंतर हवे असेल तर उत्तर १२ मिलिसेकंदांत यायला हवे. मुदत त्या बेताने घालावी.

दिल्लीच्या आयआयटीत घडलेली 'स्मार्टकेन' २०१४ साली लोकांच्या हाती आली. तिच्यात पायाखालचे काम साध्या काठीकडेच ठेवले आहे आणि गुडघ्याच्या वरचा अडथळा तेवढा ध्वनीने शोधून मुठीला कंप दिला जातो. मला हा संयम फार आवडतो.

आता आपल्या भागाच्या दोन गोष्टी. यवतमाळ जिल्हा कापसाचा. सेन्सरपुढे कापसाचा ढीग ठेवा. मऊ कापूस हाक गिळून टाकतो आणि उत्तर धड येत नाही. जाड शाल पांघरलेला माणूसही असाच निसटू शकतो. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर आपल्या ४५ अंशांच्या उन्हात सुमारे ३५८ मीटर होतो. प्रोग्राममध्ये ३४३ च ठेवले, तर दोन मीटरवरची भिंत सुमारे १९२ सेंटिमीटरवर दिसते. काठीला ही चूक परवडते, कारण ती जवळचे सांगते. विहिरीच्या पाण्याची पातळी मोजायची असेल तर परवडणार नाही.

पालकांना विनंती एवढीच, की घरातला जुना मोबाइल चार्जर भंगारात घालू नका. तो पाच व्होल्ट देतो. योग्य यूएसबी तार लावली की उनो त्यावर चालतो. आणि मुलांनो, काठीची चाचणी आधी शाळेच्या पटांगणात, खुर्च्या मांडून आणि आपल्यापैकीच एकाचे डोळे बांधून करा; सोबत दुसऱ्याने चालावे.