खानेसुमारीचा रकाना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या नांदेड-लातूर मंडळाची नवी कुटुंबसूची यंदा तयार व्हावयाची आहे. तिच्या अर्जात 'पोटजात' हा रकाना ठेवावा की गाळावा, यावर कार्यकारिणीत दोन मते पडली आहेत. हा रकाना मुळात आला कोठून, याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली. आम्ही शालान्त परीक्षेपर्यंतच शिकलेले, जन्मभर मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेले; तेव्हा विद्वत्तेचा आव आणणार नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जाती काही इंग्रजांनी निर्माण केल्या नाहीत. पाणवठ्यावरचा विटाळ, देवळाच्या पायरीवरील अटकाव, हे आपले घरचेच पाप होय. ते परक्याच्या माथी मारणे सत्यास धरून होणार नाही. परंतु पूर्वी जातीचा व्यवहार बहुधा पंचक्रोशी व सोयरिकीच्या वर्तुळापुरता चाले. एकच जात एका परगण्यात वरचढ, तर दुसऱ्यात खालची मानली जाई. शास्त्रांत चार वर्णांची मांडणी होती खरी. पण शेकडो जातींची सरकारी शिडी कोणी लिहून ठेवली नव्हती.

ती खानेसुमारीने लिहिली. ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिली व्यापक खानेसुमारी 1871-72 सालची. पुढे 1901 च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जाती प्रतिष्ठेच्या क्रमाने लावण्याचा घाट घातला. याच गृहस्थांनी बंगालमध्ये लोकांची नाके मोजून, त्या मापाशी जातीचा दर्जा जुळतो, असा सिद्धान्त मांडला होता. मग अनेक ज्ञातींनी वरची पायरी मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केले, सभा स्थापन केल्या. 1911 च्या खानेसुमारीत हा क्रम सोडून देण्यात आला. लोकांच्या मनातील शिडी मात्र तशीच उभी राहिली.

आपला मुलूख निजामाचा, खालसा नव्हे. तथापि वाऱ्याला सरहद्द नसते. हैदराबाद संस्थानातही 1881 पासून त्याच धर्तीवर खानेसुमारी होऊ लागली, आणि 1920 साली सय्यद सिराज उल हसन यांचा संस्थानातील जाती-जमातींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांचा साचा रिस्लेप्रणीत पाहणीचाच होता.

लेखणीचा हा अधिकार किती क्रूर होऊ शकतो, हे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखविले. ज्या जमातींवर तो लागू झाला, त्यांतील पोर पाळण्यातच संशयित ठरले. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला; परंतु पारधी बांधवांकडे आजही गावोगाव कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे आपण सारे जाणतो.

या विचारसरणीस आपल्याच लोकांनी उत्तर दिले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 साली न्यूयॉर्क येथे वाचलेल्या निबंधात, युरोपीय पंडित रंगाला नको तितके महत्त्व देतात असे दाखवून, जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात असल्याचे प्रतिपादन केले. मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात रिस्लेंचा वंशसिद्धान्त तपासून देशभरासाठी तो टिकत नाही असे म्हटले, आणि इंग्रजी कारभाराने जातिभावना कशी बळावली याचीही चर्चा केली. इरावतीबाई कर्वे यांनी तर बर्लिनमध्येच कवट्यांची मापे घेऊन, गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाविषयीचा आपल्या मार्गदर्शकांचा तर्क सिद्ध होत नाही, असा निर्भीड निष्कर्ष काढला.

येथे कोणी विचारील, "गुरुजी, मग जुनी कागदपत्रे जाळावीत काय?" मुळीच नाही. हैदराबाद गॅझेटिअरच्या नोंदींवरून 2 सप्टेंबर 2025 रोजी शासननिर्णय निघाला. त्यापूर्वी 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातींची मोजणी करण्याचे जाहीर केले. 1931 नंतर जनगणनेत सर्व जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नव्हते. या निर्णयांविषयी मतभेद असोत. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मोजल्याशिवाय न्याय देता येत नाही, हे खरेच. म्हणून प्रत्येक घराने आपला शाळेचा दाखला व महसुली उतारे जपून ठेवावेत. मात्र हक्कासाठी ठेवलेली नोंद निराळी आणि मिरविण्यासाठी ठेवलेली निराळी.

आपल्या सूचीतील पोटजातीने कोणता हक्क मिळतो? एकही नाही. तिचा उपयोग एकच: सोयरिकीच्या वेळी पान उलटून "ते आपल्यातले नव्हेत" असे म्हणणे. बाबासाहेबांनी दाखविलेले मूळ ते हेच! स्थळ उत्तम, मुलगी शिकलेली, तरीही या एका शब्दापायी बोलणी मोडलेली आपण पाहिली आहेत.

आमची विनंती अशी की, हा रकाना गाळावा आणि त्या जागी तीन प्रश्न घालावेत. घरातील कोणास शिकवणीसाठी लातुरास किंवा नांदेडास राहावयास खोली हवी आहे काय? कोणत्या घरावर कर्जाचा बोजा आहे? कोणती भगिनी एकटी संसार ओढीत आहे? आपले मंडळसुद्धा 1860 च्या नोंदणी कायद्याखालीच उभे आहे. साहेबाच्या कायद्याचा आपण उपयोग करून घेतला. त्याची शिडी मात्र उचलून घरात आणू नये.

ठराव सभेपुढे आहे.