वर्गातली पाण्याची बाटली

मी जळगावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तास चालू असताना मी मधून मधून पाणी पिते. पहिल्या वर्षी एका सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सहलीला आलीस का?" मी मान खाली घातली. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते आज सांगते.

मला सिकलसेल आहे. अंगातला ऑक्सिजन कमी झाला की माझ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडं दुखतात. होस्टेलवर रात्री दोन वाजता मी उशी दातात धरून पडलेली असते, मैत्रीण गरम पाण्याची पिशवी मांडीवर धरून बसते. पायाला ना सूज, ना खरचटलेलं. म्हणून सकाळी कुणीतरी म्हणतंच, "काल तर चांगली होतीस!" हो, होते. काल मी खरंच चांगली होते.

पाणी कमी पडलं, ताप आला, गारठा लागला, फार दमणूक झाली, की दुखणं उठतं. आणि जळगावचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे, पारा 45 ला टेकतो. हा आजार आला आईबाबांकडून, दोघेही वाहक. त्यांना कधी काही झालं नाही, त्यामुळे कळलंच नाही. माय अजून स्वतःलाच बोल लावते. मी तिला सांगते, "तपासणीच झाली नव्हती, तुला कसं कळणार?"

या आजाराची वैद्यकातली पहिली नोंद एका विद्यार्थ्याचीच आहे. ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमंट नोएल 1904 साली दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला. त्याच्या रक्तातल्या या पेशींबद्दल डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये लिहिलं. मला मात्र त्या पेशींपेक्षा हे मोठं वाटतं, की दवाखान्याच्या खेपा घालत त्याने पदवी घेतली आणि मायदेशी जाऊन लोकांचे दात तपासले. 1916 मध्ये तो गेला. माझ्याकडे हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे, त्याच्याकडे नव्हती.

दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रानुसार पात्र ठरलं तर पेपरला तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात. माझ्यासारख्यांनो, लाजू नका, अर्ज करा. आणि सर, मॅडम, एखादी मुलगी दुखतंय म्हणाली तर आधी तिला बसू द्या.

माझे पेपर जवळ आलेत. बाटलीचं लेबल मी काढून टाकलंय, म्हणजे आत नुसतं पाणी आहे हे पर्यवेक्षकांना दुरूनच दिसेल.