पाहुणे राहू नका, घरचे व्हा
(रेडिओवरील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आमच्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत बॅगा भरायला सुरुवात होते. कुणी लातूरला जातं, कुणी पुण्याला, कुणी थेट कोट्याला. एखाद्या घरात मात्र वेगळीच चर्चा चालू असते. मुलीला वर्षभरासाठी परदेशात पाठवायचं का? तिथल्या शाळेत शिकायचं, तिथल्याच एखाद्या कुटुंबात राहायचं आणि वर्ष संपलं की परत यायचं. विद्यार्थ्यांची ही देवाणघेवाण आज आपला विषय आहे.

ही पद्धत नवी नाही. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची एएफएस नावाची संस्था आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, या संस्थेने १० देशांतली ५२ मुलं शिकायला अमेरिकेत नेली. कालपर्यंत ज्यांचे देश एकमेकांशी लढत होते, त्यांची मुलं एका घरात जेवू देत, एवढा साधा विचार त्यामागे होता. रोटरी क्लबांची अशीच योजना जगभर चालते. अमेरिकी सरकारनेही २००२ मध्ये केनेडी-लुगार शिष्यवृत्ती सुरू केली आणि तिच्यातून भारतातली मुलंही गेली आहेत.

आता पालकांची पहिली काळजी कोणती? इंग्रजी. पोराला बोलता येईल का, वर्गात समजेल का? भाषा येते हो! पहिले काही आठवडे दिवसभर कान देऊन ऐकल्यामुळे संध्याकाळी डोकं जड होतं, मग हळूहळू जमतं. खरी परीक्षा वर्गात नसते, ती स्वयंपाकघरात असते.

असं का, ते सांगते. या योजनांमध्ये मुलाला ठेवून घेणारं कुटुंब त्याचे पैसे घेत नाही. तिथे खानावळ नाही आणि लॉजही नाही. त्यांनी आपल्या घरात एक माणूस वाढवून घेतलेला असतो. तेव्हा घरच्या माणसाने जे करायचं, ते या मुलाने करावं अशी त्यांची अपेक्षा असते. आपली ताटली धुवायची, आपले कपडे मशीनला लावायचे, शनिवारी झाडलोट करायची. आपली मुलं मात्र परक्या घरात गेली की अंग चोरून बसतात. कशाला हात लावू नये, काही मागू नये, यालाच ती चांगलं वळण समजतात. यजमानांना वाटतं, पोरगी आपल्यात मिसळतच नाही. पोरीला वाटतं, मी तर किती शहाण्यासारखी वागते!

माझी भाची अशीच वर्षभर जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहून आली. पहिल्या रात्री जेवताना घरच्या बाईंनी विचारलं, अजून घेणार? ही म्हणाली, नको. बाईंनी भांडं उचललं आणि झाकून ठेवलं! आपल्या खानदेशात पहिल्या नकोला कोण विचारतं? भाकरी ताटात पडते, वर तुपाची धार पडते, आणि पाहुणा तिसऱ्यांदा नको म्हणाला की कुठे वाढणारीचा हात थांबतो. तिथे पहिल्या नकोवर विश्वास ठेवतात. पोरगी अर्धपोटी झोपली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून हात पुढे करून बटाटे मागून घेतले, तेव्हा त्या बाईंना केवढं बरं वाटलं!

न्हाणीघराचीही तीच गत. आपल्याकडे बादली-तांब्या घेऊन भडाभडा पाणी ओतायचं, मोरी आहेच. तिकडे शॉवरच्या कोपऱ्याबाहेरची फरशी कोरडी ठेवायची असते. तिथे पाणी वाहून जायला वाटच नसते. हे आपल्याला कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. शॉवर कसा, शेगडी कशी, कचरा कोणत्या डब्यात, रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं. विचारण्यात कमीपणा नाही.

आपली म्हणच आहे ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. वर्षभर राहायचं असेल, तर तिसऱ्या दिवसापासून पाहुणेपण सोडावंच लागतं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या १८८३ मध्ये अमेरिकेला पोचल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई आपल्याला ठाऊक असतात, पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांना आधी आसरा दिला तो कार्पेंटर कुटुंबाने. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण बदललं. काय धरायचं आणि काय बदलायचं, याचा हिशेब त्यांनी स्वतः केला. १८८७ मध्ये त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि बाईंनी पोकीप्सी गावच्या आपल्या कौटुंबिक दफनभूमीत त्यांना जागा दिली. परक्या मुलीला कुणी असं आपल्यात घेत नाही. ती मुलगी त्या घरची झाली होती.

घरची आठवण येणार, हे मात्र धरूनच चालावं. ती पहिल्या आठवड्यात येत नाही, तेव्हा सगळंच नवं असतं. ती येते दिवाळीला. नेमके तेव्हाच युरोपात दिवस आखडतात, चार-पाचलाच अंधार पडू लागतो. इकडे फराळ चाललेला आणि तिकडे शाळेला सुट्टीही नाही. अशा वेळी आई-वडिलांनी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून बसू नये. पोरगं शरीराने तिकडे आणि मनाने दीपनगरच्या क्वार्टरमध्ये, असं झालं की ते कुठलंच राहत नाही. आठवड्यातून एकदा पोटभर बोला. त्यापेक्षा त्याला जाण्याआधी चार पदार्थ शिकवा. वांग्याचं भरीत शिकवा, आणि तेही नाही जमलं तर शिकरण. केळी जगात कुठेही मिळतात, आणि आपल्या यावल-रावेरची ग्रँड नैन आणि अमेरिकेतल्या दुकानातलं केळं, दोन्ही कॅव्हेंडिश घराण्यातलीच. दिवाळीच्या दिवशी मुलाने त्या घरासाठी काही रांधलं, की त्याची दिवाळी होते.

तसं पाहिलं तर आमच्या वसाहतीतल्या मुलांना या गोष्टीचा थोडा सराव असतो. औष्णिक वीज केंद्रात बापाची बदली झाली की कोराडीचं, परळीचं पोर अचानक दीपनगरला, फेकरी-निंभोऱ्याच्या शेजारी येऊन पडतं. कानावर लेवा बोली पडते, शाळा नवी, गल्लीतला क्रिकेटचा संघ आधीच ठरलेला. ते पोर फील्डिंगपासून सुरुवात करतं आणि महिन्याभरात बॅटिंगला येतं. परदेशातही वाट तीच आहे. खेळ, गाणं, नाटक, जे येतं त्यात शिरायचं. फरक एवढाच, की बदलीत आई-बाप बरोबर असतात आणि इथे एकट्याने जायचं असतं.

एक व्यवहाराची गोष्ट. तिकडचं वर्ष इथल्या अकरावीत धरलं जाईल की नाही, हे कॉलेजकडून आधीच लेखी विचारून घ्या. नंतर धावपळ नको.

आणि शेवटचं, मोठ्यांसाठी. देवाणघेवाण म्हटलं की घेणं आलं तसं देणंही आलं. उद्या ब्राझीलचं किंवा फ्रान्सचं एखादं मूल आपल्याकडे वर्षभर राहायला आलं, तर त्याला कोचावर बसवून सरबत देत राहू नका. मेथी निवडायला बसवा, बाजारात पिशवी धरायला न्या, चुकलं तर आपल्या मुलांना बोलता तसं बोला. आणि ते नको म्हणालं, तर कृपा करून पहिल्याच वेळी ऐका.