गुटगुटीत अक्षर

नभोवाणीवरून अक्षर दाखवितां येत नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं एखाद्या दुकानाची पाटी डोळ्यांसमोर आणावी. वर मराठी नांव, खालीं इंग्रजी. महाराष्ट्रांत २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन पाटीवरील देवनागरी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावींत असें ठरलें. तरीही पुष्कळदां इंग्रजी नांव धष्टपुष्ट दिसतें आणि मराठी नांव त्याच्या शेजारीं नुकतेंच आजारांतून उठल्यासारखें!

याचें कारण लिपीच्या घडणींत आहे. रोमन ‘ओ’ कितीही जाड केला तरी त्याच्या पोटांत पोकळी उरते. देवनागरीस शिरोरेषा, तिच्यावर मात्रा व अनुस्वार, खालीं उकार. एवढा संसार त्याच उंचींत मांडावयाचा, म्हणून मूळ अक्षराच्या वांट्यास जागा थोडी. त्यांत ‘ध’ची गांठ किंवा ‘ह’चीं वळणें सरसकट जाड केलीं कीं आंतला पांढरा भाग बुजतो आणि अक्षराचा डाग होतो. ठळक अक्षर काढणारास काळ्या रेघेइतकीच या पांढऱ्या जागेची राखण करावी लागते. दोन रेघा मिळतात तेथें रेघ हळूच बारीक करावी लागते, आणि तें कोणाच्या ध्यानांतही येतां कामा नये.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेनें २०१६ च्या सुमारास संगणकासाठीं प्रसिद्ध केलेला ‘बालू’ हा टाइप या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. नांव किप्लिंगच्या कथांतील अस्वलाचें. अंगही तसेंच, जाड, गोलट, कोठेंही न टोंचणारें. त्याचें रोमन रूप सारंग कुळकर्णी यांचें. आरंभीं त्यास जाडी एकच होती. म्हणजे गुरुमुखीची शिरोरेषा आणि मल्याळमचीं वेटोळीं यांना एकाच तोलाचा काळेपणा देणें भाग होतें. रोमन अक्षर पुढें आणि बाकीचीं त्याच्या मागें फरफटत, असें येथें झालेलें नाहीं, हेंच या कामाचें मोल.

भारतीय लिप्यांचे नऊ बालू, शिवाय उर्दूचा एक. त्यांचीं नांवें मोठीं गमतीचीं: गुजराती ‘भाई’, बंगाली ‘दा’, ओडिया ‘भाइना’, मल्याळी ‘चेट्टन’, तमिळ ‘तंबी’, पंजाबी ‘पाजी’, उर्दू ‘भाईजान’. कानडी व तेलुगु बालूही धाकटे भाऊच. देवनागरीचा मात्र नुसताच बालू राहिला. मराठी माणसानें त्यास ‘भाऊ’ म्हणावयास हरकत नसावी.

हा टाइप विनामूल्य व खुल्या परवान्याचा असल्यामुळें लहान दुकानदारासही तो सुलभ आहे. २०१९ मध्यें ‘बालू २’ आला, त्यांत पांच जाड्या आहेत. लांब मजकुरास अतिजाड अक्षर शिणविते, ती अडचण त्यानें कांहींशी दूर झाली. पण या अक्षराचा चेहरा मुळांत हंसरा. मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किंवा सरबताच्या बाटलीवर तें शोभतें. दुखवट्याच्या जाहिरातींत मात्र तें कोणी घालूं नये.