ग्रहणी, गोळी आणि बाटली

भूम, परंडा, वाशी, कळंब तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. मोळ्या वाहून पाठ मोडते. मग दिवसा डायक्लोफिनॅक, रात्री दारू. ज्याच्या आतड्याला जुनाट व्रण आहेत, त्याला हा मेळ घातकच. ती गोळी आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारे द्रव्यच घटविते, मद्य दाह वाढविते. रक्त पडते, आणि लोक मूळव्याध समजून पुन्हा गोळीच घेतात! पॅरासिटामॉल आतड्याला सौम्य. पण नित्य मद्यप्याच्या यकृताला तेही झेपत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणी आणि मदात्यय या दोहोंना स्वतंत्र अध्याय आहेत. राज्यघटनेचे ४७वे कलम मद्यबंदीची दिशा दाखविते. शासनाला मात्र महसूल सुटत नाही. टोळी निघण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी घरोघरी विचारावे, शौचावाटे रक्त कोणाला पडते? त्याला आधी धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात न्यावे.