खड्डा खणण्याआधी एक पावसाळा थांबा

आजचा एपिसोड म्हणजे माझा कबुलीजबाब आहे.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. पुण्यातल्या एका टेकडीच्या माथ्यावर आमच्या ऑफिसचं वृक्षारोपण होतं. वर नुसतं गवत आणि खडक. मला वाटलं, केवढी जागा रिकामी पडलीय! दुपारपर्यंत साठ खड्डे खणले, रोपं लावली, सेल्फी काढले आणि मिसळ खाऊन घरी.

सप्टेंबरमध्ये बघायला गेलो, तर निम्मी रोपं वाळलेली. तिथे रोज फिरायला येणारे एक काका भेटले, गळ्यात भिंग अडकवलेले. "तू लावलीस का रे ही?" मी ऐटीत हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत. खड्ड्यापासून चार पावलांवर गवतात वाकले आणि एक नाजूक वेल दाखवली. तिला कंदिलासारखं इवलंसं फूल. कंदीलपुष्प!

या फुलात माशी शिरते, पण नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे तिला बाहेर पडता येत नाही. केस सुकले की ती सुटते, पराग घेऊन. काका म्हणाले, "पावसाळा सरला की वेल वाळते, कंद मात्र जमिनीखाली जिवंत असतो. उन्हाळ्यात तुला इथे काहीच दिसणार नाही." मग खड्ड्याकडे बघत म्हणाले, "यात किती कंद गेले, कोण जाणे."

माझा चेहरा पडला. जुना कोड न वाचता आम्ही डिलीट करत नाही. इथे मी नेमकं तेच केलं होतं.

माळ म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जागा नव्हे. कुसळी, पवन्यासारखी गवतं, हबे आमरी, जमिनीवरच अंडी घालणारे चंडोल आणि टिटव्या, या सगळ्यांना मोकळं ऊन लागतं. दाट सावली झाली की ते हटतात. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मध्य अमेरिकेकडची उंदीरमारी भरपूर लावली गेली. टेकड्या हिरव्या दिसल्या, पण तिच्या गर्दीत इथल्या झाडांना जागा उरली नाही.

आता दर रविवारी सकाळी सातला आम्ही आठ-दहा जण जातो. वनखात्याला विचारून उतारावरची उंदीरमारीची पोरकी रोपं उपटतो. तिथे मोई, गणेर, पांढरूख लावतो, तीही जवळच्याच झाडांच्या बियांपासून वाढवलेली. माथ्यावरच्या गवतात काहीच लावत नाही, फक्त नोंदी करतो. आयनॅचरलिस्ट ॲपवर फोटो टाकला की जाणकार ओळख पटवून देतात. धोक्यात असलेल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण ॲप झाकून ठेवतं. त्यामुळे प्लीज, दुर्मिळ फुलाच्या रीलवर लोकेशन टाकू नका. कंद उकरून नेणारे लोक असतात.

गेल्या सप्टेंबरला आमच्या एका बुजलेल्या खड्ड्याच्या काठावर कंदीलपुष्पाची वेल दिसली. एकच. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हात लावू नकोस."

तुमच्या जवळच्या माळावर यंदा एक पावसाळा नुसते फिरा. काय दिसलं ते मला व्हॉइस नोट करून कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!